इतर मंडळी

तोंडात शेंगदाणा असल्याशिवाय सर कुणाचं दुखणं ऐकायला बसत नसत. बुशशर्टाचा खिसा कायम भाजलेल्या दाण्यांनी फुगलेला. समोर माणूस येऊन बसला की एक दाणा गालात ठेवायचा आणि मान हलवायची, म्हणजे बोल. तो दाणा चावायचा नाही. गालातल्या गालात मऊ होईपर्यंत समोरच्याचं ऐकत राहायचं. नव्यानं आलेल्या एका डॉक्टरनं विचारलं होतं, सर, हे कशासाठी? सर म्हणाले, "डॉक्टरच्या तोंडात कायतरी अडकलेलं पायजे. न्हाईतर पेशंटच्या दुसऱ्याच वाक्याला तो गोळी लिहून मोकळा होतो."

धाराशिवच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी रेकॉर्ड सेक्शनला आहे. अजूनही आहे. सर तिथले सगळ्यात जुने डॉक्टर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण मागच्या आवारातली एक खोली आणि ओपीडीतलं एक टेबल ट्रस्टनं त्यांच्याकडं राहू दिलं होतं. लग्न केलेलं नव्हतं. मूळ घर मुरूमच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. वडिलांची आडत होती. घरात कानडी, दुकानात मराठी. लिंगायत घर, गळ्यात इष्टलिंग. निदान लिहायच्या आधी ते शर्टाच्या आत हात घालून तो लिंगाला लावायचे आणि मगच पेन उचलायचे. शाळकरी पोरीपासून म्हातारीपर्यंत प्रत्येकीला ते 'अव्वा' म्हणत. कानडीत आईला अव्वा म्हणतात. मीसुद्धा अव्वाच. इतकं शिकलेला माणूस, पण बोलणं अगदी आडत बाजारातलं. एकदा मॅनेजर म्हणाले, सर, मीटिंगमध्ये तरी जरा शुद्ध बोला. तर म्हणाले, "दुखणं शुद्ध बोलत न्हाई, मी कशाला बोलू?"

त्यांचं आणि माझं जमलं ते एका यादीमुळं, आणि बिघडलंही तिच्यामुळंच. बिघडलं हे फक्त मला माहीत होतं.

आमच्या कम्प्युटरमध्ये आजारांच्या नावांची एक जुनी यादी होती. ती मुळात मोजणीसाठी केलेली. वर्षाअखेरीला कुठल्या खान्यात किती माणसं पडली ते वर कळवायचं. मोजणीतून कुणी बाहेर राहू नये म्हणून प्रत्येक खान्याच्या तळाशी एक 'इतर' असायचं. इंग्रजीतली ती नावं सर माझ्या टेबलाशी उभे राहून मराठी करून मोठ्यानं वाचायचे. "मज्जातंतूंचा विकार, इतर. मज्जातंतूंचा विकार, नक्की न सांगितलेला. मज्जातंतूंचा विकार, दुसरीकडं कुठंच न बसणारा." मग माझ्याकडं बघून म्हणायचे, "लग्नाची पत्रिका बगितलीस का कधी, अव्वा? आजोबा, चुलते, मामा, समद्यांची नावं. आन खाली 'व इतर मंडळी'. मांडव घालनारी, पानी भरनारी, ती सगळी त्यात. आन खरी भूक त्यांनाच लागलेली असती."

ज्यांच्या कागदावर हे 'इतर' पडलं, ती सरांची माणसं. 'पेशंट' म्हणायचे नाहीत, 'माझी माणसं' म्हणायचे. दर बुधवारी संध्याकाळी माझ्याकडून त्यांची नावं छापून घ्यायची आणि गुरुवारी सकाळी एसटीनं निघायचं. कधी ढोकी, कधी भूम, कधी भूमच्याही पुढं ईट. बाकीच्यांसाठी डॉक्टर आहेत, म्हणायचे. ज्याच्या दुखण्याला नाव आहे त्याला औषध आहे, औषध आहे त्याला दुकान आहे. ज्याला नावच नाही त्याच्याकडं कोण जाणार?

ढोकीचा एक ट्रॅक्टर ड्रायव्हर होता. त्याला मळीचा वास यायचा. ओपीडीतले पोरगेले डॉक्टर हसले. ढोकीत साखर कारखाना आहे, तिथं मळीचा वास येणार नाही तर काय केवड्याचा येणार? सरांनी दाणा गालात ठेवला आणि त्याला बोलू दिलं. तेव्हा कळलं की कारखाना बंद असतानाही त्याला वास येतो, सासुरवाडीला गेला तरी येतो, आणि वास आला की थोडा वेळ त्याला बायकोचं नाव आठवत नाही. तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या. कागदावर पडलं, 'इतर'. त्यानं ते वाचून घेतलं आणि विचारलं, "साहेब, म्हंजी मला काय झालंय?" सर म्हणाले, "ते मला कळलं न्हाई. पन तुला झालंय, एवढं मला मान्य हाय." तो रडला. मी खिडकीतून बघत होते.

एका गुरुवारी मी त्यांच्याबरोबर ईटपर्यंत गेले होते. भूमला माझं काम होतं, सर म्हणाले, चल की तसंच पुढं, ताक प्यायला मिळंल. तिथं एक बाई होती, माझ्याच वयाची. एक म्हैस आणि पत्र्याच्या दोन खोल्या. दुपार झाली की तिचा उजवा हात आपोआप मुठीत जायचा आणि काही केल्या उघडायचा नाही. सरांना बघून ती म्हणाली, "आलं का डॉक्टर आपलं गिऱ्हाईक बगायला? ह्या कोन, सूनबाई का?"

"सूनबाई कुठली, मला लेक न्हाई. ही माझी अव्वा हाय, कम्प्युटरवाली."

"मंग कम्प्युटरला इचारा की, ह्या हाताला काय झालंय. शेजारनी म्हनत्यात, मुठीत कायतरी दडवून ठिवलंय हिनं. उघडून दाव म्हनत्यात."

सरांनी ती मूठ दोन्ही हातांत घेतली आणि बसून राहिले. चोळली नाही, ओढली नाही. ती म्हशीच्या गोष्टी सांगत होती, सर दाणा घोळवत ऐकत होते. बऱ्याच वेळानं एकेक बोट सुटत गेलं. ती म्हणाली, "घ्या, बगा, काय न्हाई आत." तिघंही हसलो. ताक आलं.

परतीच्या एसटीत सर बाहेर बघत होते. मग म्हणाले, "तिला माझ्यामुळं बरं वाटतंय का न्हाई, मला सांगता याचं न्हाई. पन मी गेल्यावर ती म्हशीला म्हनती, सरक, डॉक्टर आल्यात. माझ्या खोलीत मी आलो तर कोन कुनाला सरक म्हनतंय?"

मी तिकिटाची बारीक घडी घालत राहिले. मला अशा वेळी बोलता येत नाही.

मग नवीन पद्धत आली. तिच्यासोबत आजारांच्या नावांची नवी यादी आली, ती मोजणीसाठी नव्हती. माणसाला खरंच काय झालंय ते ज्या नावातून कळतं, तेच नाव तिच्यात ठेवायचं, असा तिचा नियम. 'इतर' हे कुणाला होत नसतं. 'दुसरीकडं न बसणारा' ही यादीची अडचण झाली, त्यात माणसाचं दुखणं कुठं आलं? म्हणून असली सगळी जुनी खान्यांची नावं निवृत्त करा, असा वरून आदेश. पुसायची नाहीत. निवृत्त नाव आत कुठंतरी राहतं, पण नव्यानं कुणाला लावता येत नाही आणि रोजच्या शोधात पुढं येत नाही. प्रत्येकापुढं, आता याच्याऐवजी हे नाव वापरा, अशी खूण करायची. पण एका 'इतर'मध्ये दहा तऱ्हेची माणसं कोंबलेली. सगळ्यांना मिळून एक नाव कुठून आणणार? तिथं डॉक्टरनं एकेकाचा कागद पुन्हा बघून ज्याचं त्याला नाव द्यायचं. हे काम दवाखान्यात माझ्याकडं आलं.

सरांना सांगायची मला भीती वाटत होती. मला वाटलं, भडकतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काढ. आजच काढ. कवापासनं म्हनतोय मी." मग म्हणाले, "पन बग हं. आपल्या जिल्ह्याचं नाव बदलायचं चाललंय. उस्मानाबादेत जन्मलेलं म्हातारं उद्या धाराशिवात मरंल, आन खाटंवरनं हाललेलं नसंल. बदलू दे. पन त्याच्या जुन्या कार्डावर जुनं नाव हाय म्हनून त्याला धान्यच न्हाई दिलं, तर?"

"तसं होणार नाही सर. प्रत्येकाचा कागद तुमच्यापुढं येईल."

"आन मला निदान कळलं न्हाई तर?"

"नाही कळलं तरी चालतं यात. जे दिसतं ते लिहिता येतं. हात मुठीत जातो, एवढंच म्हणता येतं."

सरांनी गालातला दाणा चावून टाकला. तसं करताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. "हात मुठीत जातो," ते म्हणाले. "वास नसताना वास येतो. असं लिहिता येतं?"

"येतं."

"लई चांगलं झालं, अव्वा. जगलो तेवढं बरं झालं."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज माझ्या खिडकीशी. "काढलेस का कागद?" "काढते, सर." एका माणसाच्या कागदाला सरांना एक सकाळ लागणार, हे मला माहीत होतं. मधे ते म्हणणार, थांब, मी एकदा जाऊन बघून येतो. मॅनेजर दिवसातून दोनदा फोन करून विचारायचे, सिस्टिम चालू कधी करायची? वेळ नव्हता हे खरं आहे. पण इतकी वर्षं मी स्वतःलाही एवढंच सांगत आले, आणि ते पुरतं खरं नाही. मला सरांचा कंटाळा आला होता. त्यांच्या शेजारी बसून एकेका माणसाची गोष्ट ऐकायचा कंटाळा. एका दुपारी मी त्यांना न विचारता सगळी 'इतर' नावं एका दमात निवृत्त केली. बदली नाव दिलं नाही. तिथं 'अर्थ एक नाही' असं कारण निवडता येतं, ते निवडलं. काम नियमात बसलं. कुणालाही चूक काढता आली नसती, आणि कुणी काढलीही नाही.

बुधवारी संध्याकाळी सर आले. मी छापायला दिलं तर कोरा कागद बाहेर आला. वर तारीख, खाली काही नाही. सरांनी तो उलटा करून बघितला.

"कुनीच न्हाई?"

मी प्रिंटर बंद केला.

"म्हंजी समद्यांना नावं मिळाली?"

तिथं सांगता आलं असतं. सर, थांबा, मी कागद काढते, बसू आपण उद्या. एवढंच. मी म्हणाले, "हो सर."

"कुनी दिली?"

"सोलापूरहून ते मेंदूचे डॉक्टर येतात ना महिन्यातून. त्यांनी बघितली सगळी."

हे मी का म्हणाले, मला आजही नीट सांगता येत नाही. तोंडातून निघालं. सर खुर्चीवर बसले. "चांगलं पोरगं हाय ते," म्हणाले. "ऐकून घेतं." ईटच्या बाईला काय नाव मिळालं ते विचारतील म्हणून मी मनात काहीतरी जुळवत होते. त्यांनी विचारलं नाही. त्यांचा एक नियम होता, दुसऱ्या डॉक्टरच्या पेशंटमध्ये डोकवायचं नाही. त्यावरून त्यांनी आयुष्यात बरीच भांडणं केली होती. "नको सांगू मला," ते म्हणाले. "कळलं की मी औषध इचारनार, मग त्यात खोड काढनार. आता ती त्याची मानसं."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सर स्वच्छ शर्ट घालून स्टँडपर्यंत गेले आणि पेढे घेऊन आले. सगळ्या सेक्शनला वाटले, झाडणाऱ्या मावशींना, लिफ्टवाल्याला. कशाचे पेढे म्हणून विचारलं की सांगायचे, "पोरांची बारशी झाली." माझ्यापुढं पुडा धरला आणि म्हणाले, "अव्वा, तू दोन घे. काम तुझं हाय." मी दोन खाल्ले.

त्यानंतरचे गुरुवार मी पाहिले आहेत. सर सवयीनं लवकर तयार होत, पिशवी घेऊन फाटकापर्यंत जात आणि परत येऊन ओपीडीबाहेरच्या बाकावर बसत. तिथं रांगेतल्या माणसांशी बोलायचा प्रयत्न करत. पण ती माणसं दुसऱ्याची. दोन वाक्यं झाली की सर स्वतःच उठत. त्यांच्या टेबलासमोरची गर्दी आधीच कमी झाली होती, ती आटली. खिसाही पूर्वीसारखा फुगलेला दिसेना. लिफ्टवाला एकदा म्हणाला, "म्हाताऱ्याचं काम संपलं आन म्हाताराच संपत चाललाय." मला रोज वाटायचं, आज सांगते. पण दर दिवशी सांगायचं ते वाढत चाललं होतं. आधी फक्त राहिलेलं काम सांगायचं होतं, मग खोटं, मग पेढे.

काही महिन्यांनी त्यांचा पुतण्या गाडी घेऊन आला. सामान फार नव्हतं. निघताना सर माझ्या खिडकीशी आले. "जातो, अव्वा. निवांत जातोय, तुझ्यामुळं." मी उभी राहिले. पाया पडावं असं वाटलं, पडले नाही.

ते गेल्यावर ईटची बाई आली. एकटीच, एसटीनं, विचारत विचारत. खिडकीतून म्हणाली, "दान्याचे डॉक्टर कुठं हायत?"

"इथलं काम सोडलं त्यांनी. गावी गेले."

"आमाला सांगितलं न्हाई." ती तिथंच उभी. "माझ्यावर रागावले व्हते का? मागच्या खेपंला म्या ताक दिलं न्हाई, म्हस आटली व्हती."

मी म्हणाले, नाही हो, तसं काही नाही, तुम्ही ओपीडीत दाखवा. चिठ्ठी करून दिली. नवीन डॉक्टरनं तिचं नाव घालून शोधलं. आजाराच्या जागी काहीच आलं नाही. तो तिला म्हणाला, "मावशी, तुम्हाला काही झालेलं नाही." सकाळची वेळ होती, हात चांगला उघडा होता. ती जाताना पुन्हा माझ्या खिडकीवरून गेली, पण थांबली नाही.

आणि तरीही मी काही केलं नाही. त्याला आता बरीच वर्षं झाली.

परवा परवा मी सरांकडं जाऊन आले. पुतण्याचा फोन आला होता, काका थकलेत, तुमची आठवण काढतात. उमरग्याहून पुढं जीप, मग थोडं चालत. सर ओसरीत खाटेवर होते, खूप लहान झालेले. पुतण्याची बायको कानडीत काहीतरी म्हणाली, त्यांनी मान वळवली. "अव्वा. कम्प्युटरवाली."

मी खाटेशी खाली बसले आणि सगळं सांगितलं. इतकी वर्षं जे आत पाठ झालं होतं, ते बाहेर यायला काहीच वेळ लागला नाही. कागद काढले नाहीत. सोलापूरच्या डॉक्टरांनी कुणाला बघितलं नाही. कुणाला नाव मिळालं नाही. पेढे मी खाल्ले. सर छपराकडं बघत ऐकत होते. मी थांबले, डोळे पुसले. खरं सांगायचं तर मला हलकं वाटत होतं.

"ईटच्या बाईचा हात?" त्यांनी विचारलं.

"ती आली होती, सर. तुम्ही गेल्यावर."

"मग?"

"ओपीडीत पाठवली."

"मग?"

"मग माहीत नाही."

"ढोकीचा ड्रायव्हर? बायकोचं नाव विसरायचा तो?"

"माहीत नाही, सर."

"ट्रॅक्टर चालवतोय का अजून? त्याला म्हनलं व्हतं, वास आला की गाडी बाजूला घे."

त्यांनी आणखी दोघा-तिघांचं विचारलं. त्यातल्या एकाचं तर मला नावही आठवेना. सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडं मान वळवली, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखी.

"मग तू कुनाचं सांगाया आलीस, अव्वा?"

पुतण्याची बायको चहा घेऊन आली. आम्ही तो प्यालो. निघताना सरांनी माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता. म्हणाले, "आधी बगून ये त्यांना. मग आपन बोलू."

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी निवृत्त नावं आतून शोधून काढली. ते मला येतं, पहिल्या दिवसापासून येत होतं. सगळी माणसं सापडली, पत्त्यांसकट, एका तासात. ईट काही लांब नाही. रजा शिल्लक आहे. पण त्या बाईनं दार उघडून तुम्ही कोण म्हणून विचारलं, तर काय सांगायचं, इथं पाऊल अडतं. तिकडं सर रोज विचारतात, कम्प्युटरवाली अव्वा आली का, असं पुतण्या फोनवर सांगतो.

आज सुट्टी होती. सकाळी जायचं ठरवलं होतं. गेले नाही, दिवसभर हे लिहीत बसले.